नॉर्वेचा परागंदा राजा

श्रोतेहो, राजा राज्य सोडून गेला असें ऐकलें म्हणजे आपल्या मनांत बहुधा दोनच चित्रें उभीं राहतात. एक हरलेल्या राजाचें आणि दुसरें भ्यालेल्या राजाचें. दुसऱ्या महायुद्धाच्या पहिल्या दोन वर्षांत लंडन शहरांत असे राजे, राण्या, अध्यक्ष आणि बिनखात्याचे मंत्री यांची मोठी दाटी झाली होती. त्यांच्यापैकीं कांहीं पुन्हां आपल्या देशीं गेलेच नाहींत. कांहीं गेले, पण लोकांनीं त्यांच्याकडे पूर्वीच्या दृष्टीनें पाहिलें नाहीं. नॉर्वेचे राजे सातवे हाकॉन हे ७ जून १९४० या दिवशीं देश सोडून गेले आणि ७ जून १९४५ या दिवशीं परत आले. गेले तेव्हां राजधानी शत्रूच्या हातीं होती आणि सैन्य शस्त्रें खालीं ठेवण्याच्या बेतांत होतें. आले तेव्हां धक्क्यावर सबंध ऑस्लो शहर लोटलें होतें. मधल्या पांच वर्षांत या गृहस्थांनीं एकहि लढाई जिंकली नाहीं, एकहि तह केला नाहीं. त्यांच्या नांवावर मुख्य कृत्य जमा आहे तें एवढेंच, कीं त्यांनीं दोन वेळां 'नाहीं' असें म्हटलें. हा नकार देण्याचा त्यांना अधिकार काय होता आणि तो त्यांना कोणीं दिला, याचा विचार केल्यावांचून त्यांची योग्यता कळावयाची नाहीं. आणि त्यासाठीं आपणांस १९४० साल सोडून पस्तीस वर्षें मागें जावें लागेल.

१९०५ सालापर्यंत नॉर्वे हें स्वीडनच्या राजाच्या छत्राखालीं होतें. १८१४ सालीं नेपोलियनच्या युद्धांच्या धामधुमींत तें डेन्मार्ककडून सुटलें आणि स्वीडनशीं जोडलें गेलें. मात्र त्याच वर्षीं तेथील लोकांनीं स्वतःची राज्यघटना करून घेतली होती आणि 'स्टोर्टिंग' नांवाचें आपलें विधिमंडळ स्थापिलें होतें. ७ जून १९०५ रोजीं या स्टोर्टिंगनें स्वीडनशीं असलेला संबंध संपला, असें जाहीर केलें. ऑगस्टमध्यें लोकमत घेतलें, तेव्हां विभक्त होण्याच्या बाजूनें ३,६८,२०८ मतें पडलीं आणि विरुद्ध अवघीं १८४! स्त्रियांना त्या वेळीं मताधिकार नव्हता. त्यांनीं सुमारें अडीच लक्ष सह्या गोळा करून आपला पाठिंबा निराळा कळविला.

देश मोकळा झाला, पण गादी रिकामी झाली. तिच्यासाठीं डेन्मार्कचे राजपुत्र कार्ल यांचें नांव पुढें आलें. ३ ऑगस्ट १८७२ रोजीं जन्मलेले कार्ल हे डेन्मार्कच्या युवराजाचे दुसरे चिरंजीव. म्हणजे घरच्या गादीची आशा त्यांना नव्हती. त्यांनीं आरमारांत नोकरी पतकरली होती आणि इंग्लंडचे राजे सातवे एडवर्ड यांची धाकटी कन्या मॉड हिच्याशीं त्यांचा विवाह झाला होता. श्वशुरांचा आग्रह असा, कीं उशीर न करितां जाऊन गादीवर बसावें. दुसऱ्या एखाद्यानें तेंच केलें असतें. परंतु कार्ल यांनीं अट घातली, कीं नॉर्वेच्या लोकांना राजा हवा आहे कीं नको, हें आधीं त्यांनाच विचारा. नॉर्वेमध्यें प्रजासत्ताक पक्ष बलवान आहे हें त्यांच्या कानीं आलें होतें. विख्यात प्रवासी नान्सेन हे कोपनहेगनला जाऊन त्यांची मनधरणी करीत होते, तरी ते आपल्या अटीवरून हलले नाहींत. अखेर नोव्हेंबरच्या १२ व १३ तारखांस पुन्हां मतदान झालें. २,५९,५६३ लोकांनीं राजाच्या बाजूनें मत दिलें. ६९,२६४ लोकांनीं विरुद्ध दिलें. मग कार्ल यांनीं होकार कळविला, आणि 'हाकॉन' हें नांव धारण केलें. त्या नांवाचा मागला राजा १३८० सालीं वारला होता. स्वतःच्या दोन वर्षांच्या मुलाचेंहि अलेक्झांडर हें नांव बदलून त्यांनीं 'ओलाव' असें जुनें नॉर्वेजियन नांव ठेविलें.

२५ नोव्हेंबर १९०५ रोजीं ऑस्लोच्या खाडींत, ऑस्कार्सबोर्ग किल्ल्याजवळ, ते डॅनिश जहाजावरून नॉर्वेच्या जहाजावर आले. मुख्य प्रधान मिखेलसेन यांनीं त्यांचें स्वागत केलें. त्या वेळीं नवा राजा कडेवर मूल घेऊन उभा होता. ऑस्कार्सबोर्ग हें नांव श्रोत्यांनीं लक्षांत ठेवावें. तें पुन्हां येणार आहे.

असा हा मतांच्या पेटींतून आलेला राजा. त्यांची भाषा डॅनिश वळणाची होती आणि ती अखेरपर्यंत तशीच राहिली. राज्यघटनेप्रमाणें सत्ता मंत्र्यांची, सही राजाची. ही मर्यादा त्यांनीं इतकी कांटेकोरपणें पाळली, कीं त्यांचें पहिलें तीस-पस्तीस वर्षांचें राज्य इतिहासकाराला थोडें नीरसच वाटावें. त्यांत ठळक दिसतो असा प्रसंग १९२८ सालचा आहे. त्या वर्षीं राजांनीं मजूरपक्षाचे हॉर्न्सरुड यांस मंत्रिमंडळ बनविण्यास बोलाविलें, तेव्हां प्रतिष्ठित वर्गाचा जीव खालींवर झाला. कारण हा पक्ष राजपदाचा कट्टर विरोधक म्हणून ओळखला जात होता. आपण कम्युनिस्टांचेहि राजे आहोंत, असें उत्तर राजांनीं दिल्याचें प्रसिद्ध आहे. तें मंत्रिमंडळ तीन आठवडेहि टिकलें नाहीं. पण मजूरपक्षाच्या मनांत राजाविषयीं जी अढी होती ती त्या दिवसापासून सैल होत गेली, आणि १९३५ सालीं त्या पक्षाचे नीगार्सवोल्ड मुख्य प्रधान झाले तेव्हां ती जवळजवळ नाहींशीच झाली होती. १९४० सालीं राजाच्या शेजारीं उभे राहिले ते हेच मंत्री.

आतां ९ एप्रिल १९४०. नॉर्वे तटस्थ होतें. सेना थोडी आणि तिची जमवाजमवहि झालेली नव्हती. त्या पहांटे जर्मन आरमार एकाच वेळीं ऑस्लोपासून नार्विकपर्यंतच्या बंदरांवर येऊन धडकलें. ऑस्लोच्या खाडींत 'ब्लूखर' ही नवी कोरी क्रूझर युद्धनौका पुढें होती आणि तिच्यावर राजधानी ताब्यांत घेण्यासाठीं निवडलेले सैनिक व अधिकारी होते. राजा, मंत्रिमंडळ आणि सरकारी बँकेंतील सोनें एका झडपेंत धरावें, असा बेत होता. खाडीच्या अरुंद तोंडाशीं ऑस्कार्सबोर्गचा जुना किल्ला. त्यावरील मोठ्या तोफा चाळीस वर्षांहून अधिक जुन्या, आणि त्याहि जर्मनीच्याच क्रुप कारखान्यांत ओतलेल्या! शिबंदी बहुतेक नवशिकी होती. किल्लेदार कर्नल बिरगेर एरिकसेन यांना वरून स्पष्ट हुकूम नव्हता; समोरचें जहाज कोणाचें हेंहि अंधारांत नक्की कळत नव्हतें. त्यांनीं स्वतःच्या जबाबदारीवर तोफा डागल्या. दोन गोळे नेमके लागले, मागून जुन्या तळावरचे पाणतीर सुटले, आणि दोन तासांत 'ब्लूखर' शेंकडों माणसांसह तळाशीं गेली.

नॉर्वेच्या राज्याला त्या सकाळीं जे कांहीं तास मिळाले ते येथें मिळाले. तोंवर ऑस्लोमध्यें जर्मन वकील ब्रॉयर हा परराष्ट्रमंत्री हाल्वदान कोट यांस भेटून शरणागतीची मागणी करून चुकला होता आणि मंत्र्यांनीं ती नाकारली होती. सकाळीं साडेसातच्या सुमारास एक खास आगगाडी राजधानींतून उत्तरेकडे निघाली. तींत राजे, युवराज ओलाव, त्यांची पत्नी मार्था, तीन लहान नातवंडें, मंत्री आणि स्टोर्टिंगचे बहुतेक सभासद होते. ही सर्व तजवीज स्टोर्टिंगचे अध्यक्ष हाम्ब्रो यांनीं केली होती. बँकेचें सुमारें पन्नास टन सोनें त्याच सकाळीं मालमोटारींतून निराळ्या वाटेनें बाहेर पडलें.

हामार येथें स्टोर्टिंगची बैठक भरली. तेथें शत्रु येत आहे अशी वार्ता आली म्हणून सभासद एल्वेरुमला गेले. त्या रात्रीं एल्वेरुमच्या बैठकींत हाम्ब्रो यांनीं मांडलेला ठराव असा, कीं स्टोर्टिंग पुन्हां भरेपर्यंत राज्याचें हित राखण्याचे अधिकार सरकारास असावेत. मतें मोजलीं गेलीं नाहींत. कोणी विरोध केला नाहीं, म्हणून ठराव संमत धरला. पुढें कायदेपंडितांनीं या ठरावाचा भरपूर कीस काढला. पण पुढील पांच वर्षें लंडनमध्यें नॉर्वेचें जें सरकार चाललें, त्याच्या पायाखालीं कायद्याची म्हणून मुख्यतः हीच एक फळी होती.

त्याच संध्याकाळीं ऑस्लोच्या नभोवाणीवरून एक आवाज ऐकूं आला. विदकुन क्विस्लिंग हा पूर्वीं संरक्षणमंत्री होता. १९३३ सालीं त्यानें नाझी धर्तीचा पक्ष काढला होता, आणि त्या पक्षाला स्टोर्टिंगमध्यें आजवर एकहि जागा मिळाली नव्हती. त्यानें आपण मुख्य प्रधान झालों आहोंत, असें ध्वनिक्षेपकासमोर बसून परस्पर जाहीर करून टाकलें. नभोवाणीवरून राज्य बळकावण्याचा हा जगांतील पहिल्याच प्रयत्नांपैकीं एक असावा. थोड्याच दिवसांत त्याचें नांव इंग्रजींत आणि इतर अनेक भाषांत सामान्यनाम होऊन बसलें. आपल्या बोलण्यांत सूर्याजी पिसाळाचें नांव येतें, तसें.

१० एप्रिल रोजीं ब्रॉयर एल्वेरुमला येऊन राजांना भेटला. त्याला एकट्याशींच बोलावयाचें होतें. राजांनीं कोट यांना बोलावून घेतलें. मागणी दुहेरी होती. प्रतिकार थांबवावा आणि क्विस्लिंगला मुख्य प्रधान नेमावें. डेन्मार्कच्या राजांनीं शहाणपणानें वागून आपला देश वांचविला, हेंहि ब्रॉयरनें सुचविलें. डेन्मार्कचे राजे दहावे क्रिस्तियान हे हाकॉन यांचे सख्खे थोरले बंधु; तेव्हां हा शब्द वर्मीं लागावा म्हणूनच काढलेला होता. राजांनीं उत्तर दिलें, कीं मंत्र्यांना विचारल्यावांचून आपण कांहींहि बोलूं शकत नाहीं.

तेथून ते मोटारीनें स्वीडनच्या सरहद्दीकडील नीबेरसुंद या खेड्यांत गेले आणि मंत्रिमंडळाची बैठक भरली. या बैठकींत राजे जें बोलले तें नीट समजून घेण्यासारखें आहे, कारण पुढच्या दंतकथेंत त्याचा अर्थ थोडा बदलला आहे. 'राजानें हिटलरला नकार दिला' असें आपण म्हणतों. वस्तुतः घटनेप्रमाणें असा नकार देण्याचा अधिकार राजाला नव्हताच. हाकॉन यांनीं तो घेतलाहि नाहीं. त्यांनीं मंत्र्यांना सांगितलें, कीं निर्णय तुमचा आहे. तुम्हीं मागणी मान्य करावी असें ठरविल्यास देशावरील संकट टाळण्याचा तुमचा हेतु मी समजूं शकतों. परंतु ज्याच्यावर लोकांचा विश्वास नाहीं आणि स्टोर्टिंगचाहि नाहीं, त्या क्विस्लिंगला मी माझ्या सहीनें नेमूं शकत नाहीं. तेव्हां तसें ठरल्यास मला राजपद सोडावें लागेल. पस्तीस वर्षांपूर्वीं आपण लोकांच्या मतानें आलों, या गोष्टीशीं आतां प्रतारणा करवत नाहीं, असा त्या बोलण्याचा आशय होता. बोलतांना त्यांचा कंठ दाटून आला होता, असें त्या प्रसंगीं हजर असलेल्यांनीं पुढें नमूद केलें आहे.

श्रोतेहो, या बोलण्यांतील खुबी पाहा. राजा मंत्र्यांवर हुकूम करीत नाहीं, त्यांना घटना मोडावयास लावीत नाहीं. स्वतःपुरती रेघ ओढतो आणि तिची किंमत म्हणून स्वतःचें पद पुढें ठेवतो. माझ्या मतें हें एखाद्या तडफदार रणघोषणेपेक्षां अधिक अवघड काम होतें. मंत्र्यांतहि डळमळणारे कोणी असतील, तर त्यांचें मन या शब्दांनीं स्थिर झालें. सरकारनें एकमतानें मागणी फेटाळली आणि कोट यांनीं तें उत्तर ब्रॉयरला दूरध्वनीवरून कळविलें.

जर्मनांचें प्रत्युत्तर दुसऱ्याच दिवशीं आकाशांतून आलें. ११ एप्रिलला एल्वेरुम शहराचा मध्यभाग बाँबफेकीनें बेचिराख झाला. नीबेरसुंदवरहि विमानें आलीं. सदुसष्ट वर्षांचे राजे आणि युवराज जवळच्या रानांत बर्फांत उभे राहिले आणि वांचले. त्याआधीं मिद्‌स्कोगेन येथें रात्रीं जर्मन सैनिकांची एक तुकडी राजांना पकडण्यास बसगाड्यांतून निघाली होती, तिला कांहीं शिपाई आणि नेमबाजी-मंडळाचे स्वयंसेवक यांनीं अडवून परत लाविलें होतें. सरहद्द हाकेच्या अंतरावर होती. पण स्वीडनमध्यें पाऊल ठेविलें तर परत येऊं दिलें जाईल, अशी हमी त्या तटस्थ सरकारनें दिली नाहीं. स्वीडनचे तत्कालीन राजे हे हाकॉन यांच्या आईच्या घराण्यांतले. या वागणुकीचा सल त्यांच्या मनांत पुढें पुष्कळ दिवस राहिला. सून आणि नातवंडें मात्र पहिल्याच दिवशीं स्वीडनला रवाना झालीं होतीं. पुढें तीं अमेरिकेस गेलीं.

यानंतरचे दोन महिने म्हणजे एक अखंड पाठलाग. राजे गुदब्रांद्सदालच्या खोऱ्यांतून पश्चिम किनाऱ्यावरील मोल्दे येथें आले. तेथें बाँबफेक चालू असतां एका बर्च वृक्षाच्या बुंध्याशीं राजे आणि युवराज उभे आहेत, असें एक छायाचित्र निघालें. वृद्ध राजे वर आकाशाकडे पाहत आहेत. बाकी त्यांत कांहीं नाहीं. पण युद्धकाळांत या छायाचित्राइतका प्रसार दुसऱ्या क्वचितच एखाद्या नॉर्वेजियन छायाचित्राचा झाला असेल. २९ एप्रिलच्या रात्रीं मोल्दे पेटलेलें असतांच ब्रिटिश क्रूझर 'ग्लासगो' त्यांना आणि सोन्याच्या कांहीं भागाला घेऊन उत्तरेकडे निघाली. मेअखेर दोस्तांनीं नार्विक परत घेतलें. पण फ्रान्स कोसळत होता, दोस्तांना तें सैन्य तिकडे हवें होतें, आणि ते निघून गेल्यावर नॉर्वेला एकट्यानें लढणें शक्य नव्हतें. ७ जूनला ट्रोम्सो येथें मंत्रिमंडळाची मायभूमीवरील शेवटची बैठक झाली. आपण लोकांबरोबर मागें राहतों, असें युवराजांनीं म्हणून पाहिलें. तें मान्य झालें नाहीं. संध्याकाळीं 'डेव्हनशायर' या क्रूझरनें नांगर उचलला.

लंडनमध्यें राजे प्रथम आपल्या भाच्याच्या घरीं, म्हणजे बकिंगहॅम राजवाड्यांत उतरले. राजे सहावे जॉर्ज हे राणी मॉड यांचे भाचे. राणी स्वतः १९३८ सालींच लंडनमध्यें निवर्तल्या होत्या. राजे येऊन महिनाहि झाला नाहीं तोंच मायदेशाहून एक पत्र आलें, आणि त्यानें त्यांना ब्रॉयरच्या मागणीपेक्षांहि अधिक क्लेश झाले असले पाहिजेत. जर्मन प्रशासक टेरबोवेन याच्या दडपणाखालीं स्टोर्टिंगच्या अध्यक्षमंडळानें २७ जून रोजीं राजांना विनंती केली होती, कीं आपण राज्यत्याग करावा. एल्वेरुमला शत्रूनें मागितलें होतें. आतां आपल्याच विधिमंडळाचे मानकरी मागत होते! आणि ज्यानें आयुष्यभर विधिमंडळाचा शब्द प्रमाण मानला, त्याच्याकडे ही मागणी आली होती.

राजांनीं ३ जुलै रोजीं उत्तर लिहिलें, आणि बी.बी.सी.वरून ८ जुलैला तें नॉर्वेला ऐकविण्यांत आलें. त्यांत त्रागा नाहीं. राज्यत्यागानें देशाचें कल्याण होईल किंवा बहुसंख्य लोकांची ती खरी इच्छा आहे अशी खात्री असती, तर आपण तो केला असता, असें ते म्हणतात. परंतु परक्या सैन्याच्या ताब्यांतील देशांत झालेला ठराव स्वतंत्र विधिमंडळाचा म्हणतां येत नाहीं. म्हणून ही विनंती आपण मान्य करूं शकत नाहीं. एप्रिलमधल्या नकाराचा आधारच येथें पुन्हां आहे. लोकांनीं निवडलें, लोकच मोकळेपणीं काढूं शकतील. मधल्या कोणाच्या दडपणानें तें होणार नाहीं. सप्टेंबरांत ऑस्लोमधील वाटाघाटी फिसकटल्या, तेव्हां टेरबोवेननें स्वतःच राजघराणें पदच्युत झाल्याचें जाहीर केलें आणि क्विस्लिंगचा सोडून बाकीचे पक्ष बंद केले. राजांना पदच्युत करावयास परका प्रशासक लागला, हें लोकांना दिसून आलें.

यापुढें हाकॉन हे नॉर्वेपुरते मुख्यतः एक आवाज होऊन राहिले. नभोवाणीवर भाषणें करणाराला या गोष्टीचें विशेष अगत्य वाटलें तर नवल नाहीं. लंडनहून रोज नॉर्वेजियन भाषेंत बातम्या जात. प्रसंगविशेषीं राजे स्वतः बोलत. डॅनिश वळणाचे ते सावकाश उच्चार घरोघर ओळखीचे झाले. १९४१ च्या शरद ऋतूंत जर्मनांनीं देशांतील बहुतेक सर्व रेडिओ-यंत्रें जप्त केलीं आणि चोरून ऐकणारांस कठोर शिक्षा ठेविल्या, तेव्हां लोकांनीं यंत्रें लांकडाच्या ढिगांत, तळघरांत, भिंतींच्या पोकळींत दडविलीं. एकानें ऐकावें, दुसऱ्यानें टंकलेखनयंत्रावर उतरावें, तिसऱ्यानें वांटावें. अशीं शेंकडों गुप्त वृत्तपत्रें निघालीं, आणि त्यांपायीं माणसें तुरुंगांत गेलीं व मेलीं.

राजाच्या नांवाचें आद्याक्षर आणि त्यांत सातचा आंकडा, असें एक चिन्ह होतें. तें रातोरात भिंतींवर, रस्त्यांवर, कुंपणांवर उमटूं लागलें. हिंवाळ्यांत मुलें तें बर्फांत काठीनें काढीत. ३ ऑगस्ट १९४२ रोजीं राजांना सत्तर वर्षें पूर्ण झालीं, तेव्हां कोटाच्या काजांत फूल खोंवून लोक रस्त्यांत आले आणि त्याबद्दल कित्येकांना पकडण्यांत आलें. फूल हा राजद्रोह ठरावा, इतकी सत्ता हास्यास्पद झाली होती. मात्र हंसण्यासारखें त्यांत फारसें नव्हतें. त्याच वर्षीं क्विस्लिंगच्या नव्या शिक्षक-संघांत जाण्यास नकार दिल्याबद्दल सुमारें अकराशें शिक्षकांना पकडलें आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांना उत्तर टोंकाला किर्केनेस येथें मजुरीवर धाडलें. शाळा बंद पडल्या, शिक्षक वांकले नाहींत, आणि अखेर क्विस्लिंगलाच माघार घ्यावी लागली.

इतकें असलें तरी केवळ आवाजावर सरकार चालत नाहीं. लंडनमधील बहुतेक परागंदा सरकारें यजमानाच्या अन्नावर होतीं. नॉर्वेचें तसें नव्हतें, आणि याचें कारण समुद्रावर होतें. युद्धापूर्वीं नॉर्वेचा व्यापारी तांडा जगांत चौथ्या क्रमांकाचा गणला जाई. एप्रिल १९४० मध्यें सरकारनें शत्रूच्या आवांक्याबाहेरचीं सर्व जहाजें आपल्या हुकमतीखालीं घेतलीं, आणि 'नोर्ट्राशिप' या नांवाखालीं एक हजारांहून अधिक जहाजें लंडन व न्यूयॉर्क येथून चालूं लागलीं. एवढी मोठी जहाजकंपनी त्या वेळीं जगांत दुसरी नव्हती. ज्याच्या पायाखालीं वीतभर जमीन नाहीं, त्या राज्याचीं जहाजें ब्रिटनला लागणाऱ्या तेलाचा मोठा हिस्सा वाहत होतीं. त्यांच्या भाड्यांतून सरकारचा खर्च भागे, स्कॉटलंडांत सैन्य आणि कॅनडांत वैमानिक तयार होत. त्या जहाजांवरचे तीन हजारांहून अधिक खलाशी पाणबुड्यांना आणि बाँबांना बळी पडले. राजे लंडनमध्यें सुरक्षित होते असें जर कोणी म्हणेल, तर त्यांचें राज्य मात्र उत्तर अटलांटिकवर रोज बुडत आणि तरत होतें.

पांच वर्षांची ही कथा सांगतांना एका गोष्टीवर पांघरूण घालणें योग्य होणार नाहीं. नॉर्वेमध्यें ज्यू लोक थोडे होते, दोन हजारांच्या आसपास. २६ नोव्हेंबर १९४२ रोजीं त्यांतील पांचशेंहून अधिक बायका-मुलें-माणसें ऑस्लोच्या बंदरांतून 'डोनाउ' जहाजावर चढवून औश्वित्झच्या वाटेस लाविलीं गेलीं. त्यांना घरांतून काढून धक्क्यावर आणणारे पोलीस बव्हंशीं नॉर्वेजियनच होते. लंडनचा आवाज या लोकांना वांचवूं शकला नाहीं. जे वांचले त्यांतील बहुतेक गुप्त मार्गांनीं स्वीडनला पोंचलेले होते. या पापाबद्दल नॉर्वेच्या मुख्य प्रधानांनीं सरकारच्या वतीनें माफी मागितली ती २०१२ सालीं. प्रतिकाराच्या इतिहासाच्या शेजारींच हें पान लागलेलें आहे आणि दोन्ही एकाच देशाचीं आहेत.

८ मे १९४५ रोजीं नॉर्वे मुक्त झालें. युवराज पांच दिवसांनीं आले. राजे आले ते ७ जूनला, 'नॉरफोक' या क्रूझरवरून, सून आणि नातवंडांसह. ७ जून १९०५ ला स्टोर्टिंगनें स्वीडनशीं संबंध तोडला, ७ जून १९४० ला राजे निघाले, ७ जून १९४५ ला परतले. जहाज ज्या खाडींतून आलें तिच्या तळाशीं 'ब्लूखर' पडलेली होती आणि तिच्याच कांठीं चाळीस वर्षांपूर्वीं त्यांनीं कडेवर मूल घेऊन पहिलें पाऊल ठेविलें होतें.

आल्यावर त्यांनीं काय केलें? सत्ता वाढविण्याची हीच वेळ होती. पांच वर्षांत त्यांचें नांव असें झालें होतें, कीं त्यांनीं मागितलें तें मिळालें असतें. त्यांनीं कांहीं मागितलें नाहीं. नीगार्सवोल्ड यांच्या सरकारनें राजीनामा दिला; निवडणुका झाल्या; युद्धापूर्वींच्या गाफीलपणाबद्दल चौकशीमंडळानें जुन्या मंत्र्यांवर कडक ठपका ठेविला, आणि राजे पुन्हां मंत्र्यांच्या कागदांवर सह्या करूं लागले. क्विस्लिंगला ऑक्टोबर १९४५ मध्यें गोळ्या घालण्यांत आल्या. राजांच्या पंचाहत्तरीस लोकांनीं वर्गणी काढून त्यांना एक नौका भेट दिली; तिचें नांव 'नोर्गे', म्हणजे नॉर्वे. १९५५ सालीं ते घरांत पडले, मांडीचें हाड मोडलें, आणि पुढचे दिवस चाकांच्या खुर्चींत गेले. २१ सप्टेंबर १९५७ रोजीं, वयाच्या पंच्याऐंशीव्या वर्षीं, ते वारले.

त्यांच्या मागें काय उरलें हें पाहतांना मला त्यांच्या मुलाची एक गोष्ट आठवते. १९७३ सालच्या तेलटंचाईंत एके रविवारीं मोटारी चालविण्यास बंदी होती. राजे ओलाव यांना बर्फावर खेळावयास डोंगरावर जावयाचें होतें. ते खांद्यावर लांकडी पट्ट्या टाकून विजेच्या गाडींत चढले आणि तिकिटाचे पैसे देऊं लागले. जे राजपद मतांच्या पेटींतून आलें होतें, तें असें लोकांच्या गाडींत बसून टिकलें. प्रजासत्ताकाचे ठराव स्टोर्टिंगपुढें त्यानंतरहि येत राहिले आणि मोठ्या बहुमतानें पडत राहिले. ट्रॅफल्गार चौकांत नाताळांत उभा राहणारा, ऑस्लो शहरानें १९४७ पासून वर्षानुवर्षें लंडनला धाडलेला तो देवदारासारखा उंच वृक्षहि याच पांच वर्षांच्या ऋणाचा आहे.

ज्या खलाशांनीं तें राज्य पाण्यावर तरतें ठेविलें होतें, त्यांचें ऋण मात्र फार रेंगाळलें. त्यांच्या युद्धकालीन वेतनाचा कांहीं भाग वेगळ्या निधींत ठेवण्यांत आला होता. तो मिळावा म्हणून ते वर्षानुवर्षें झगडले आणि न्यायालयांतहि हरले. १९७२ साल हें राजे हाकॉन यांच्या जन्मशताब्दीचें वर्ष. त्या वर्षीं ऑस्लोमध्यें परराष्ट्रखात्याजवळच्या चौकांत त्यांचा उंच, सडपातळ पुतळा उभारण्यांत आला. आणि त्याच वर्षीं स्टोर्टिंगनें त्या खलाशांना, आणि जे हयात नव्हते त्यांच्या मागें राहिलेल्यांना, मानधन म्हणून कांहीं रक्कम मंजूर केली; युद्ध संपून तेव्हां सत्तावीस वर्षें झालीं होतीं.